मावशी, तुमची गाळणी अजून आमच्याकडेच आहे

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मातीला आलेल्या सगळ्यांचे आभार रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर मानून झाले. त्या यादीत तुमचं नाव नव्हतं, कारण तुम्ही पुढे बसलाच नव्हतात. मागे मोरीत आमची भांडी घासत होतात. म्हणून हे जाहीर पत्र.

आई अंथरुणाला खिळल्यापासून भेटायला येणारे कमी नव्हते. खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, "प्रार्थनेत आठवण करतो" म्हणून उठायचे. एकांनी तर आजारातून विश्वासाची पारख कशी होते ते अर्धा तास समजावलं. तेवढ्यात आईंची कूस बदलायची वेळ टळून गेली. नगरला 1831 साली ख्रिस्ती मिशन आलं, तेव्हापासून इथे उपदेश करणाऱ्यांची टंचाई कधी पडलेली नाही. बायबलात याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशांनाच धरलंय: उघड्या-उपाशी माणसाला नुसतं "ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही.

तुम्ही आलात ती डिसेंबरातली संध्याकाळ. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसलात, पीत मात्र नव्हतात. हात शेकत होतात. ते चांगले गरम झाल्यावरच आईंच्या खांद्याला हात लावलात. गार हात लागला की आजारी माणूस अंग आखडतं, मग वळवायला दुप्पट जोर लागतो आणि त्या ओढाताणीत कातडी सोलवटते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्या क्षणी एवढंच दिसलं की आईंनी अंग सैल सोडलं. सगळ्या मदतीत हेच मनात रुतून बसलंय.

बाकीचंही तुम्ही हाताने दाखवलंत. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पुरतं कुशीवर लोटायचं नाही. पाठीशी उशी लावून अंग थोडंसं कलतं ठेवायचं, म्हणजे सगळा भार खुब्याच्या हाडावर येत नाही. चादर चौघडी करून अंगाखाली घालायची आणि दोघींनी दोन बाजूंनी उचलायचं, ओढायचं नाही. टाचेखाली उशी नको. पोटरीखाली टॉवेलची घडी ठेवली की टाच अधांतरी राहते. लाल झालेल्या जागेवर आम्ही रोज तेल चोळत होतो, तेही तुम्ही थांबवलंत. दाबामुळे तिथलं मांस आधीच रक्तावाचून असतं, चोळलं की आतून आणखी फाटतं. पावडरही बंद केलीत, घामात तिचे गोळे होऊन तेच टोचतात म्हणून.

आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरीबरोबर देतात तो, रस! पाव किलो काळे मनुके धुऊन पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटं मंद उकळायचे, रवीने घोटायचे आणि गाळणीत फडकं घालून ओतून ठेवायचे. घाई करून फडकं पिळलं की रस गढूळ होतो. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी फसफसतो. अख्ख्या मंडळीला तुमच्या हातचा हा रस मिळतो, पण तो पातळ असल्याने आईंना ठसका लागतो हे लक्षात आलं ते तुमच्याच. पाळकांना विचारून तुम्ही भाकरीचा नखाएवढा तुकडा रसात बुडवून दिलात, आईंना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली करून. पुढे अर्धा तास त्यांना आडवं होऊ दिलं नाहीत.

शनिवारी रात्री मोड आलेली मटकी निवडून, कांदा चिरून ठेवायचात, आणि रविवारी घरच्यांना उपासनेला धाडून स्वतः आईंपाशी बसायचात. त्यावर कुणीतरी बोललंच, "बाई हल्ली देवळात दिसत नाहीत." ज्यांनी आमच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा इकडचा तिकडे केला नाही, त्यांनी हा हिशेब ठेवावा! भलेपणा मंडळीच्या वहीतल्या नावावर थोडाच असतो? आमचा दूधवाला पंढरीचा वारकरी. आई पडल्यापासून त्याने पहाटे फाटकाची कडी कधी वाजवली नाही. दूध ठेवायचा आणि चप्पल हातात घेऊन निघून जायचा.

बायबलातली दुर्कस गरिबांसाठी झटायची; ती वारली तेव्हा यापो गावातल्या विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. आमच्याजवळ दाखवायला तुमची पितळी गाळणी आहे. एका बाजूला चेपलेली, कड काळी पडलेली. कालच चिंचेने घासली. रिकामी परत कशी करायची म्हणून अडली होती. थोडे शेंगदाण्याचे लाडू केलेत. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते, तुम्ही मनुके भिजत घालायच्या आधी.

तुमची,
धाकटी सून