आई, आत्याला खरं ते सांग

स्टॉकहोम,
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं कधी पुरं होत नाही. बाळ फोन ओढतो, चिऊला तुला चित्र दाखवायचं असतं, आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. म्हणून लिहून पाठवतोय. अण्णांनाही वाचायला दे. अक्षर बारीक वाटलं तर आक्का मोठं करून छापून देईल.

परवा आत्यानं विचारलं, पोरगा सारखा घरातच कसा दिसतो, आणि तू म्हणालीस, तो घरनं काम करतोय. माझ्या काळजीपोटी म्हणालीस, ते मला कळतं. पण आई, मी घरनं काम करत नाहीये. ऑफिसचा लॅपटॉप ऑगस्टपासून कपाटात बंद आहे. ही कामावर जाते आणि मी पोरांना सांभाळायला घरी आहे. नोकरी गेलेली नाही, कुणी काढलेलं नाही, माझी जागा तशीच आहे. आत्याला आणि शेजारच्या काकूंना हे असंच्या असं सांग. मला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये अशी माझी फार इच्छा आहे.

अण्णा विचारतील, पगार कोण देतं? म्हणून जरा सविस्तर सांगतो. इथं स्वीडनमध्ये मूल झालं की आईबाप दोघांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते. पैसे कंपनी देत नाही, सरकारी विम्यातनं येतात. त्यातल्या ३९० दिवसांना पगाराच्या साधारण ८० टक्के मिळतात, अर्थात त्याला वरची मर्यादा आहे. उरलेल्या ९० दिवसांना रोजचे १८० क्रोनर, म्हणजे नावापुरतेच. साहेबाला दोन महिने आधी कळवायचं. मूल दीड वर्षाचं होईपर्यंत पूर्ण वेळ घरी राहायचा हक्कच आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही. बाळाचं पहिलं वर्षभर ही घरी होती, आता माझी पाळी.

हे काल-परवा सुरू झालेलं नाही. १९७४ साली इथं फक्त आईला मिळणारी बाळंतपणाची रजा जाऊन ती दोघांची झाली. पण कायदा झाला तरी बाप काही घरी थांबेनात. तेव्हा सरकारनं एका नावाजलेल्या वेटलिफ्टरचा फोटो काढून जाहिरात केली. लेनार्ट डालग्रेन त्याचं नाव. हा दांडगा गडी आणि त्याच्या हातात एवढंसं तान्हं बाळ. आपल्याकडं गंगावेस तालमीतल्या एखाद्या पैलवानाच्या कडेवर पोर देऊन भिंतीभिंतीवर कागद लावावेत, तसं. तरी फरक पडला तो पुढं, दिवस राखीव केल्यावर. १९९५ला एक महिना, २००२ला दुसरा, २०१६ला तिसरा. आता प्रत्येकाचे ९० दिवस स्वतःचे. ते बायकोला देता येत नाहीत, घेतले नाहीत तर बुडाले. एवढं करूनसुद्धा एकूण दिवसांतला बापांचा वाटा अजून ३० टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे इथंही जास्त भार बाईवरच. आत्याला हेही सांग, नाहीतर तिला वाटायचं की इकडचे सगळे पुरुष घरातच बसतात.

आणखी एक ऐकून तुला बरं वाटेल. जुलै २०२४पासून आईबापांना यातले काही दिवस, प्रत्येकी ४५पर्यंत, आजी-आजोबांना किंवा दुसऱ्या कुणालाही देता येतात, पैशासकट. मी लगेच चौकशी केली. पण घेणारा माणूस इथल्या विम्यात असावा लागतो, म्हणजे तुम्हा दोघांना नाही. तरी आजी-आजोबा पोरं सांभाळतात ते कामच आहे, हे कुणीतरी कायद्यात लिहिलं याचं मला फार समाधान वाटलं.

आता दिवस कसा जातो ते. सध्या साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेतीनच्या आत सूर्य गेलेला असतो. त्यामुळे बाहेरचं जे काही असेल ते मधल्या तासांत बसवायचं. चिऊची बालवाडी आहे, पण धाकट्यासाठी आईबापांपैकी कुणी घरी असेल तर मोठ्या मुलाला पूर्ण वेळ ठेवता येत नाही. कायद्यानं कमीत कमी आठवड्याला १५ तासांची हमी आहे. म्हणजे तिला सोडायचं, आणि घरी येऊन बाळाचं एक झोपणं-खाणं होतंय तोवर आणायला निघायचं.

यात सगळ्यात अवघड काय असेल तर घराबाहेर पडणं. तिथं पोराला उचललं, चप्पल घातली, निघालो. इथं उणे दहामध्ये निघायचं म्हणजे आधी बाळाचं लंगोट बदलून घ्यायचं, कारण वरचं सगळं चढवल्यावर ते हाताला लागत नाही. मग अंगालगत लोकरीचा पातळ कपडा, त्यावर फ्लीसचा उबदार कपडा, आणि सगळ्यात वरून पायापासून गळ्यापर्यंत एकसंध ओव्हरऑल. हातमोजे बाह्यांच्या आत खोचायचे, नाहीतर मनगटावर बर्फ जातो. ओव्हरऑलच्या पायाला रबराची पट्टी असते, ती बुटाच्या तळव्याखालून घ्यायची. आणि क्रम ठरलेला. आधी मी स्वतः, फक्त जाकीट सोडून. मग चिऊ, ती दाराशी उभी राहून वाट बघू शकते. बाळ सगळ्यात शेवटी, कारण घरात हीटिंग चालू असतं आणि एवढं घालून दोन मिनिटं जरी आत राहिला तरी तो घामाघूम होऊन रडायला लागतो. बर्फ वितळून चिखल झाला की त्यावर आणखी रबरी पँट. ती घरी आल्यावर न्हाणीत शॉवरखाली धरायची आणि टांगून ठेवायची. चिऊ आता आपली रबरी पँट आपण धुते. तिला ते काम फार आवडतं.

कपडे धुवायचं इथं वेगळंच आहे. घरात मशीन नाही, इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून धुण्याची खोली आहे. तीन तासांची वेळ आधी लावून ठेवायची आणि त्या तीन तासांत धुऊन, वाळवून, फिल्टरमधली लव काढून, फरशी पुसून खोली मोकळी करायची. वेळ संपून दहा मिनिटं झाली आणि तुमचे कपडे आत असले तर पुढच्याचा चेहरा बघवत नाही. मी बाळाला पाठीशी बांधून खाली नेतो. मशीन फिरताना बघत तो अगदी गप्प बसतो. वाळवायला माणसाएवढं उंच कपाट आहे, आतून गरम वारा येतो. ओली हातमोजी, टोप्या, लोकरीचे मोजे त्यातच टांगायचे. त्या तीन तासांचा हिशेब माझ्या डोक्यात आठवडाभर असतो: चादरी कधी काढायच्या, चिऊचा बालवाडीतला जादा जोड कधी परत आणायचा, बाळ त्या वेळेला जागा असेल की झोपलेला.

आई, मला सगळ्यात जास्त जे कळलं ते हे. हाताचं काम त्यातलं निम्मं. उरलेलं निम्मं डोक्यात धरून ठेवण्याचं. मूगडाळ किती उरलीय, चिऊचे बूट अंगठ्याला लागायला लागलेत का, बाळाला ड जीवनसत्त्वाचे पाच थेंब आज दिले की नाही (उन्हं नसतात म्हणून इथं दोन वर्षांपर्यंत प्रत्येक बाळाला रोज देतात), लसीची तारीख, बालवाडीत उद्या सुट्टी आहे का. ऑफिसमध्ये असं काम करणाऱ्याला वेगळं पद असतं, वेगळा पगार असतो. तू आम्हा दोघांचं, अण्णांच्या पाळीच्या डब्याचं, आजीच्या गोळ्यांचं, गॅस सिलिंडरचं, दूधवाल्याच्या हिशेबाचं, सगळं एका डोक्यात ठेवत होतीस, आणि आम्ही फॉर्ममध्ये तुझ्या व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहीत होतो. शाळेचा तो फॉर्म मला आता फार आठवतो.

खाण्याचं म्हणशील तर चांगलं चाललंय. रविवारी आम्ही दोघं मिळून डाळ शिजवून डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. बाळाला इथल्या दुकानात धान्याची आणि दुधाची तयार पेज पावडरीत मिळते, इथली पोरं तीच पितात. आम्ही तीही देतो, पण त्याचा जीव मऊ भात, मेतकूट आणि तूप यावर आहे. नाचणीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण सत्त्व मिळत नाही. तू करतेस तसं मोड काढून, वाटून, गाळून करायचंय, त्याचं प्रमाण मला नीट लिहून पाठव. अंदाजे नको, वाटीनं सांग.

दुपारी सोबत नसते हे मात्र खरं आहे. घरात आजी नाही, आत्या नाही, वेळेला पोर टाकावं असं शेजारचं दार नाही. शेजारी चांगले आहेत, पण जिन्यात नमस्कार करून दार लावून घेतात. यावर इथं एक फार छान सोय आहे. आईबापांनी लहान पोरांना घेऊन जाऊन बसायची खुली बालवाडी असते. नाव घालायला लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त पोराला सोडून जायचं नाही, आपणही तिथंच थांबायचं. जमिनीवर खेळणी पसरलेली, कोपऱ्यात कॉफी, ठरलेल्या वेळी सगळे गोल बसून गाणी म्हणतात. मी आठवड्यातनं दोन-तीनदा जातो. तिथं माझ्यासारखे आणखी बाप असतात. एक जण बस चालवतो, एक जण सुतार आहे. आम्ही दात येण्याबद्दल, रात्रीच्या जागरणाबद्दल बोलतो, आणि त्या तासाभरानं माझा पुढचा दिवस सोपा जातो. आपल्या गल्लीत दुपारी ओट्यावर तुम्ही बायका बसायचात, शेंगा फोडायचात, तेव्हा पोरं मधेच खेळत असायची. ते तुमचं बसणं किती गरजेचं होतं ते मला इथं बसून कळतंय. अण्णा त्याला चकाट्या म्हणायचे. त्यांना हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखव.

आणखी एक सांगायचं राहिलं. इथं बाळाचं वजन-उंची बघायला, लस द्यायला सरकारी बालकेंद्र असतं. बाळ चार महिन्यांचा असताना तिथल्या नर्सनं मला एकट्याला बोलावलं. मला वाटलं, काहीतरी कागद भरायचा असेल. तर तिनं समोर बसवून विचारलं, तू कसा आहेस, झोप मिळते का, घरात दोघांचं नीट चाललंय का. हिला त्याआधी दुसऱ्या महिन्यात असंच विचारलं होतं, प्रश्नांची यादी देऊन, कारण बाळंतपणानंतर मन खचतं आणि ते बाई स्वतःहून सांगत नाही. हे त्यांच्या कामाचाच भाग आहे, सगळ्यांना विचारतात. मी तिथनं निघाल्यावर रस्त्यात तुझाच विचार करत होतो. माझ्या वेळी तुला सव्वा महिना माहेरी ठेवलं, बाळंतविडा झाला, डिंकाचे लाडू झाले, शेक-शेगडी झाली. तू कशी आहेस असं कुणी विचारलं होतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय. फोनवर अण्णांच्या समोर नको. सवडीनं लिही, किंवा आक्काच्या फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठव.

आता मे महिन्याचं. व्हिसाला लागणारं निमंत्रणपत्र आणि माझे कागद मी पुढच्या आठवड्यात पाठवतो. ९० दिवस राहता येतं, मी तेवढेच मागणार आहे. चांदोलीच्या नाही, पण इथल्याही जंगलात तेव्हा हिरवंगार असतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, अण्णांना फिरायला होईल. येताना तूप आणि कंदी पेढे आणू नकोस, दुधाचं किंवा मांसाचं काहीही बाहेरून आणायला इथं बंदी आहे. हापूसही नाही, फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळ चालतो, पण तो इथं मिळतो, ओझं करू नकोस. कांदा-लसूण मसाला दोन किलो, मेतकूट, आणि तुझ्या जुन्या साडीची एक दुपटी बाळासाठी. चिऊची दुपटी आता तिची ती देत नाही कुणाला.

आणि आत्याला फोन कधी करतेस ते कळव. तिनं काही उलटं विचारलं तर माझा नंबर दे, मी बोलेन तिच्याशी. दुपारी एकच्या पुढं, तुमच्या साडेपाचला, बाळ झोपलेला असतो तेव्हा.

अण्णांना सा. न., आक्काला आणि भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
बाळू