चोरखिसा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या निळ्या पँटला आतून, कमरपट्टीखाली डाव्या बाजूला चोरखिसा शिवलाय. आम्ही कारखान्यात युनिफॉर्मला लावतो तेच जाड अस्तर आहे. तोंड मुद्दाम अरुंद ठेवलंय, दोनच बोटं जातील. त्यात पाचशेच्या चार नोटा आणि दुसरं एटीएम कार्ड आहे. दिल्ली येईपर्यंत तिकडे हात लावू नकोस. आपण सारखा चाचपतो तोच खिसा चोराला कळतो.

तू तिसरीत असताना गड्ड्याच्या जत्रेत माझी पर्स ब्लेडनं कापली. अख्खा पगार त्यातच होता. होम मैदानापासून तुझं बोट धरून चालत घरी आले, तू रिक्षासाठी रडत होतास. घरी मात्र सांगितलं, पगार झाला नाही. तीन दिवस तेच सांगत राहिले. अजून आठवलं की पोटात कालवतं.

चहापाण्याला दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेव. फोनवर यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे छोट्या खर्चाच्या पाकिटात, तीन-चारशेच टाक. त्याला पिन लागत नाही, म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती पडला तरी जाईल ते तेवढंच. क्यूआर स्कॅन केलास की आधी नाव वाच, मग पिन टाक. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही रे. तिकिटाचा रिफंड देतो म्हणून कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून दे. रेल्वेचं काही विचारायचं असेल तर 139 लाव, गूगलवर नंबर शोधत बसू नकोस.

तरीही खात्यातून पैसे गेले तर त्याच मिनिटाला 1930 लाव, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, मग बँकेला कळव. आपली चूक नसताना तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड आपल्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून लाज वाटली तरी थांबू नकोस. फोनच गेला तर नंबर कुठून आठवणार? बँकेचा, 1930 आणि माझा, तिन्ही चिठ्ठीवर लिहून चोरखिशात घातलेत.

आणि मला सांग. मी रागावणार नाही. ते तीन दिवस तुझ्या वाट्याला यायला नकोत.

कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निळ्या पिशवीत आहे. मनमाड गेलं की फोन कर.

तुझी आई