टॅब दिले, लाईट बिल आणि दुरुस्तीचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात टॅब वाटपाचा मोठा फोटो आणि आतल्या पानावर शाळेत स्क्रीन हवी की नको असा लेख, दोन्ही वाचले. रात्री सगळं आवरल्यावर लेख परत एकदा वाचला. पण अख्ख्या लेखात दुरुस्तीबद्दल एक ओळ नाही, लाईट बिलाबद्दल नाही, आणि टॅब फुटला तर पैसे कोणी द्यायचे हे तर कुठेच नाही. म्हणून लिहायला बसले.

मी आमच्या गावच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. मुलगी पाचवीला. आमच्या शाळेलाही असेच दहा टॅब मिळालेत, एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशातून. तेव्हाही असाच फोटो निघाला होता, सरपंच, कंपनीचे साहेब, पुढच्या रांगेत पोरं. फोटो झाल्यावर टॅब ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेले आणि कपाटाची चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. मीटिंगमध्ये मी दरवेळी विचारायचे की सर टॅब कधी देणार मुलांना, तर उत्तर ठरलेलं, नेट नाही, चार्जिंग नाही, बघू पुढच्या महिन्यात.

मग एकदा वरून पाहणी येणार असा निरोप आला. शाळेची लाईट तेव्हा बिल थकलं म्हणून कट केलेली होती, त्यामुळे आदल्या दिवशी टॅब शेजारच्या किराणा दुकानात नेऊन चार्ज केले, दुकानदार भला माणूस म्हणून. सकाळी चालू केले तर अर्ध्यांवर ॲप अपडेट मागतंय, लॉगिन मागतंय, आणि लॉगिनचा ओटीपी जातोय आधीच्या सरांच्या मोबाईलवर, ज्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झालीय. ते वर्गावर, फोन उचलेनात. शेवटी मुलांना सांगितलं की नुसतं हातात धरून बसा. पाचवीची पोरं हो ती, टॅब हातात दिल्यावर बोट लावणारच की. माझ्या मुलीने शेजारणीला काहीतरी दाखवायला टॅब पुढे केला, दोघींच्या हातातून निसटला, शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडला आणि काच तडकली.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं. "ताई, स्क्रीनचे पैसे भरावे लागतील." मला इतका राग आला की मी तिथेच आवाज चढवला. सरकारी शाळेत, फुकट शिक्षणाच्या कायद्याखाली शिकणाऱ्या पोरीकडून तुम्ही वस्तूची भरपाई मागताय? तेव्हा सरांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काढून समोर ठेवलं. त्यात टॅबची नोंद, खाली त्यांची सही. म्हणाले ऑडिटला किंवा माझी बदली झाली की नवीन माणसाला पदभार देताना एक टॅब जरी कमी भरला किंवा फुटका निघाला तर वसुली माझ्या पगारातून, आणि निर्लेखन, म्हणजे फुटकी वस्तू रजिस्टरमधून कमी करायचं म्हटलं तर तो प्रस्ताव पंचायत समितीत किती दिवस पडून राहील सांगता येत नाही. आता सांगा, ज्या माणसाच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे तो कपाट कशाला उघडेल? मला त्यांचा राग होता तो तिथेच गेला, पण ज्यांनी ही पद्धत लावली त्यांच्यावरचा अजून गेलेला नाही.

पैसे आम्ही भरले. दुधाच्या पगारातून भरले. पण पैशापेक्षा मोठं नुकसान हे झालं की पोरगी आता टॅबजवळ जात नाही, नको म्हणते, फुटेल म्हणते. शिकायच्या वस्तूची भीती बसली तिच्या मनात. हे कोणत्या अहवालात येणार?

तुमच्या लेखात स्वीडनचं उदाहरण दिलंय की तिकडे 2023 पासून सरकार परत छापील पुस्तकांकडे वळलं. बरोबर असेल, पण त्यांच्याकडे स्क्रीनचा अतिरेक झाला म्हणून ते मागे आले, आमच्याकडे वर्गात स्क्रीन सुरूच झाली नाही. पोरांच्या हातात स्क्रीन आहे ती घरी. असर या खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाच्या देशभरातल्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात आहे की 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांच्या वर मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी 57 टक्के आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. म्हणजे फोनवर अभ्यास कसा करायचा हे शिकवायची जागा शाळाच आहे, आणि तिथे मुलं मोठी असोत की लहान, टॅब कपाटात.

आता पैशाचं बोलू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं ते पटावर. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 100 पर्यंत असेल तर 25 हजार. यातच खडू, रजिस्टर, लाईट बिल, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर. आमच्याकडे तेही वेळेवर येत नाही, आलं तर तुकड्यात येतं. शाळेला वीज मिळते तीही घरगुती दराने नाही. मग प्रोजेक्टर, टॅब, कॉम्प्युटर चालवायचे कशावर? गुरुजी पदरचे भरतात, नाहीतर गावातून वर्गणी काढतात. दारात म्हैस आणून बांधायची आणि वैरणीचं नाव काढायचं नाही, असं कुठल्या घरात करतात? मुंबई महापालिकेने 2015 ला आठवीच्या मुलांना टॅब दिले होते, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून अभ्यासक्रम आत भरून. विचार चांगला होता. पण 2018 ला आठवीची पुस्तकंच बदलली, म्हणजे टॅबमध्ये सगळं नव्याने भरणं आलं. छापील पुस्तक दरवर्षी नवीन मिळतं, टॅब दरवर्षी कोण बघणार? मुंबईसारख्या पैसेवाल्या महापालिकेपुढे हा प्रश्न येतो तर आमच्या दोन शिक्षकी शाळेने काय करायचं.

आणि कोणी मला डिजिटलच्या विरोधात आहे असं समजू नये. आधी आमच्याकडे एक मॅडम होत्या, त्या पुस्तकातला क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलवर स्कॅन करायच्या, दीक्षा या सरकारी ॲपवरची कविता छोट्या स्पीकरवर लावायच्या आणि मग पोरांकडून म्हणून घ्यायच्या. पोरं घरी येऊन चालीवर म्हणायची. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेही पुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामामुळे, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली हे आपण सगळ्यांनी वाचलंय. मुळात काम तिथेही शिक्षकाने केलं. शिक्षकाला वेळ मिळाला, मोकळीक मिळाली तर एका फोनवरही वर्ग चालतो.

पण वेळ आहे कुठे? आमच्या सरांना पोषण आहाराची माहिती रोज ॲपवर, हजेरी ऑनलाईन, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती, मुलांचे आधार व्हॅलिड झाले का ते बघायचं कारण त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरतं, आता प्रत्येक मुलाचा अपार आयडी नंबर. सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर, रेंज नसेल तर मंदिराच्या पायरीवर जाऊन. तेवढा वेळ एक वर्ग फळ्यावरचं उतरवून काढत बसतो आणि दुसरा वर्ग नुसता बसतो. शाळेतला सगळ्यात जास्त स्क्रीन टाइम सरांचा आहे आणि तो शिकवण्यासाठी नाही. तुमच्या लेखकांनी यावर लिहावं, मी कात्रण काढून ठेवीन.

आमची मागणी साधी आहे. यापुढे कोणीही शाळेला टॅब देईल, मग कंपनी असो की सरकार, त्याने निदान तीन वर्षांची दुरुस्ती आणि नेटचा खर्च सोबत द्यावा. शाळेचं लाईट बिल जिल्हा परिषदेने थेट भरावं, अनुदानातून नाही. लॉगिन शाळेच्या नावावर असावं, शिक्षकाच्या मोबाईल नंबरवर नको. आणि वापरताना मुलाच्या हातून फुटलं तर ते वापरात फुटलं असं धरून मुख्याध्यापकाच्या सहीने निर्लेखन व्हावं, वसुली ना शिक्षकाकडून ना पालकाकडून. एवढं शासन निर्णयात लिहून आलं की कपाटं आपोआप उघडतील.

अजून एक, विषय निघालाच आहे तर. तुमच्या पेपरात शनिवारी मुलांचं पान यायचं, कोडी, विज्ञानाची माहिती, मुलांनी काढलेली चित्रं. ते तुम्ही न सांगता बंद केलं आणि तिथे आता प्लॉटच्या जाहिराती येतात. आमच्या शाळेत ते पान फळ्याशेजारी चिकटवायचे, त्याला ना चार्जिंग लागायचं ना ओटीपी, आणि पोरं मधल्या सुट्टीत उभं राहून वाचायची. पान परत सुरू करा ही विनंती.

पत्र छापलं तर मधला सीएसआरचा आणि वसुलीचा भाग कापू नका, तोच महत्त्वाचा आहे. नाव आणि गाव मात्र छापू नये, मुलगी अजून त्याच शाळेत आहे.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य