गुहागर-तवसाळ वाटेवरच्या सायकलवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. त्या दुपारी तुमच्या दुकानात तुम्ही हात लावलात म्हणून आमच्यातली ती मोडलेली हायब्रिड सायकल तवसाळच्या फेरीबोटीत चढली आणि जयगडहून पुढे रत्नागिरीपर्यंत स्वतःच्या चाकांवर गेली. टेम्पो शोधायची वेळ आली नाही. निघायच्या गडबडीत आभार अर्धवटच मानले गेले. शिवाय तुम्ही नेमकं काय केलंत, ते बाकीच्या सायकलवाल्यांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

बिघाडाचं मूळ तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. दाभोळ-धोपावे बोटीत सायकल उजव्या अंगावर आडवी झाली होती आणि डिरेलर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा आणि चेन ताणून धरणारा भाग, उजव्याच अंगाला असतो. तो ज्या हँगरवर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात. घरातल्या फ्यूजसारखं त्याचं काम: आपण जायचं आणि फ्रेम वाचवायची. हँगर चार-पाच मिलिमीटर आत वाकला तरी सपाटीवर काही कळत नाही. घाटी लागली, मागे सगळ्यांत मोठं दातचक्र पडलं, की डिरेलरचा पिंजरा चाकाच्या तारांना टेकतो आणि फिरती तार त्याला आत ओढते. हँगर तुटला, पिंजरा पिळवटला, उजवीकडच्या दोन तारा हबपाशी गेल्या. म्हणून सायकल उजवीकडे पडली की चढ लागण्याआधी मागे उभं राहून बघावं. पिंजरा आणि दातचक्र एका रेषेत दिसत नसतील तर मोठ्या दातचक्राच्या वाटेला जाऊ नये.

अशा वेळी डिरेलर काढून चेन आखूड करतात, हे पुष्कळांना ऐकून माहीत असतं. पण चेन किती आखूड करायची, तिथे सगळे अडतात. तुमच्या नेहमीच्या सायकलींत मागचं चाक खाचेत मागे ओढून चेन ताणता येते. गिअरच्या सायकलीत खाच उभी असते, चाक सरकत नाही. आणि चेन कमी होते ती आतली-बाहेरची अशा दोन कड्यांच्या जोडीने, एकदम एक इंच. हा एक इंच दातांत मोजला तर चार दातांचा फरक. त्यामुळे ताण जुळवायचा तो दातचक्र बदलूनच. तुम्ही पुढे मधलं ३२ दातांचं चक्र धरलंत आणि मागे एकेक चक्र लावून बघितलंत. २१ वर चेन पुरेना, १५ वर लोंबायला लागली, १८ वर अर्धा इंच झोल राहिला. "हेच," म्हणालात. चेन सरळ रेषेतही तिथेच येत होती.

चेन तोडायचं यंत्र दुकानात नव्हतं. तुम्ही एक मोठा नट ऐरणीवर ठेवलात, चेनची पिन त्याच्या भोकावर आणली आणि टोक कानशीने सपाट केलेल्या खिळ्यावर हातोडीचे बारीक ठोके दिलेत. पिन बाहेरच्या पट्टीतून पूर्ण सुटू दिली नाहीत, हे महत्त्वाचं. एकदा सुटली की ती परत बसवताना नाकी नऊ येतात. जोडल्यावर ती कडी ताठ राहिली होती. चेन दोन्ही हातांत धरून आडवी वाकवलीत आणि ती मोकळी झाली. आठ गिअरच्या चेनला हे चालतं. दहा-अकरा गिअरच्या बारीक चेनला ठोकलेल्या पिनेचा भरवसा नाही, तिथे क्विक लिंकच, म्हणजे पिन न ठोकता जोडता येणारी कडीच हवी.

तारांचं काम त्याहून नाजूक. उजवीकडची तार बदलायची तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातचक्रांचा जुडगा, उतरवावी लागते आणि त्याचा पान्हा वेगळा. मग तुम्ही तुटक्या तारा काढून टाकल्यात, फ्रेमला खडू टेकवून चाक फिरवलंत. जिथे रिम खडूला घासली तिथे पांढरी रेघ उमटली. उजवीकडची तार तुटली की रिम डावीकडे जाते. म्हणून शेजारच्या उजव्या तारा पाव पाव फेरा घट्ट, समोरच्या डाव्या तितक्याच सैल. घाई करून पूर्ण फेरा दिला असता तर रिम पार बिघडली असती. चाकाचा उरलेला आऊट, म्हणजे वाकडेपणा, ब्रेकची केबल सैल करून निभावलात.

निघताना बजावलंत, "उभं राहून मारू नका, उलटं पायडल नको." कारण साधं आहे. गिअरच्या चक्रांना चेन वर चढवायच्या खाचा असतात. जोर बसला की चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढते आणि इतकी ताणते की काहीतरी तुटतंच. ३२ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात पावणेचार मीटरच्या वर. सपाटीवर ताशी १५-१६ किलोमीटर. चढाला उतरून ढकलायची. जयगडच्या चढावर तसंच केलं.

तुमच्या भिंतीवर २८ इंची टायर, खाली डब्यात कॉटर पिना, पाव इंची छर्रे, अर्धा बाय एक अष्टमांशची चेन. ते बघून लांबच्या प्रवासाचा जुना काळ डोळ्यांपुढे आला. १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला मुंबईतून निघाले. त्यांतले तिघे फेरी पुरी करून १९२८ साली परतले, सुमारे ७१ हजार किलोमीटर करून. त्यांच्या जिद्दीचं कौतुक होतं ते योग्यच. पण आपल्याकडे नंतरची कित्येक वर्षं साधा माणूससुद्धा कॅरिअरला वळकटी बांधून गोव्याला किंवा कन्याकुमारीला निघत असे, तो या डब्याच्या भरवशावर. सायकल कोणत्याही कंपनीची असो, माप तेच, आणि पुढच्या बाजारपेठेत तो छर्रा मिळणारच. आता हँगरच शेकडो आकारांचे. एका फ्रेमचा दुसरीला बसत नाही. सायकल हलकी झाली, पण रस्त्यावरच्या दुकानाशी तिचं नातं तुटलं, ही आमची खरी हळहळ आहे. (तासावरच्या सायकलींची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांत आम्ही नाही; त्यांचे ब्रेक आठवतात.)

सोबत पार्सल पाठवलं आहे. त्यात चेन तोडायचं यंत्र, आठ आणि नऊ गिअरच्या क्विक लिंक, बारीक फ्रेंच व्हॉल्व्हवर तुमचा पंप लागावा म्हणून पितळी अ‍ॅडाप्टर, कॅसेट उतरवायचं दातेरी सॉकेट आणि चक्र धरून ठेवायचा चेनवाला दांडा आहे. सॉकेट मोठ्या पान्ह्यात धरून नेहमीसारखं डावीकडे फिरवा, दुसऱ्या हाताने दांड्याने चक्र अडवा. बसवताना चांगला जोर लावून आवळा, कटकट असा आवाज येणं बरोबर आहे. हँगर पाठवून उपयोग नाही, तो ज्याचा त्याने आणावा. फ्रेमबरोबर एक जादा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकावा, आम्ही सगळ्यांनी आता टाकला आहे.

आणि काका, एवढ्या कामाचे तुम्ही पंक्चरचे पैसे घेतलेत. पुढचा असा कोणी आला तर पूर्ण मजुरी घ्या.

आपले नम्र,
जयगडच्या बोटीला निघालेले सायकलवाले