समन्सवरची तारीख आणि कैफियतीचे तीस दिवस

संपादक महोदय,

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा दाखल झाला की भाऊ, बहिणी, चुलते, पुतणे अशा सगळ्याच हिस्सेदारांना त्यात पक्षकार करावे लागते. ज्यांचे कुणाशी भांडण नाही, त्यांच्याही दारात बेलीफ समन्स घेऊन येतो आणि कागदावर 'प्रतिवादी' म्हणून नाव दिसताच घर हादरते. प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे. दिवाणी दाव्यात आरोपी नसतोच. वाटपाच्या दाव्यात तर प्रतिवादी असलेली बहीणही कैफियतीत स्पष्ट लिहून आपला हिस्सा वेगळा मागू शकते. 'मला काही नको' म्हणून ती घरी बसली, तर तिची बाजू मांडायला तिथे कुणीच नसते.

खरा घात होतो तो मुदतीत. समन्सवर हजर राहण्याची तारीख छापलेली असते आणि लोक तिच्याकडेच डोळे लावून बसतात. पण कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, देण्याचे 30 दिवस समन्स बजावल्या दिवसापासून मोजतात. समन्स 5 जूनला मिळाले, तारीख 28 जूनची आहे, तर त्या दिवशी वकील गाठणाऱ्याच्या हाती उरतात फक्त सात दिवस. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यापुढे मात्र खास कारण पटवावे लागते आणि बहुधा खर्चही भरावा लागतो. समन्स घेतलेच नाही म्हणजे सुटलो, हाही भ्रमच. नाकारले तर बेलीफ प्रत दाराला चिकटवतो, आणि न्यायालयाचे समाधान झाले की ती बजावणी धरली जाते.

मुदत टळली की 'नो डब्ल्यूएस', म्हणजे 'कैफियत नाही', असा हुकूम होतो. हा आणि 'एकतर्फी' हुकूम, दोन्ही लोक एकच समजतात. पहिल्यात पक्षकार हजर आहे, पण कैफियत नाही; वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास त्याला तरीही घेता येतो. दुसऱ्यात तो हजरच नाही. एकतर्फी हुकूम म्हणजे निकाल नव्हे. दावा संपण्याआधी गैरहजेरीचे योग्य कारण देऊन तो रद्द करून घेता येतो. एकतर्फी हुकूमनामाच, म्हणजे दाव्याचा निकालच, झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात 30 दिवसांत करायचा. समन्स रीतसर बजावलेच नव्हते, तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात. इथे हयगय झाली की पुढे दारात येते ती दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी.

आपल्या वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. तात्पुरत्या मनाईच्या, म्हणजे दावा चालू असेपर्यंत समोरच्याला रोखण्याच्या, अर्जाला आपल्याकडे 'निशाणी 5' म्हणतात. तो अर्ज नामंजूर झाला की 'दावा फेटाळला' अशी बातमी येते. प्रत्यक्षात दावा जिवंत असतो. वादाचे मुद्दे काढणे, सरतपास (साक्षीदाराची मूळ साक्ष), उलटतपास सगळे व्हायचे असते. अशी बातमी वाचून माणसे नको ती तडजोड करून मोकळी होतात. 'दावा निकाली' हा शब्दही जपून वापरावा. त्यावरून कोण जिंकले ते कळत नाही, कारण वादी गैरहजर राहिल्याने काढून टाकलेला दावाही निकालीच असतो.

राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरल्याला 1998 पासून एवढी वर्षे झाली. तरी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढच्या तारखेसमोर अनेकदा इंग्रजीतच 'से ऑन एक्झिबिट 5' असे दिसते. 'एक्झिबिट 5' म्हणजे तीच निशाणी 5 आणि 'से' म्हणजे त्या अर्जावरचे आपले लेखी म्हणणे, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? समन्सच्या मागच्या बाजूला कैफियतीची शेवटची तारीख, एकतर्फी हुकूमाचा अर्थ आणि मोफत विधी साहाय्याचा 15100 हा क्रमांक ठळक मराठीत छापावा. उत्पन्न कितीही असले तरी महिलांना ते साहाय्य मिळते, हेही त्यात असावे. बजावताना बेलीफाने शेवटची तारीख पेनाने भरून द्यावी.

— एक दिवाणी वकील, सातारा