एसेनहून बाबांना: खाण बंद, पंप चालू

काटर्नबेर्ग, एसेन

ती. बाबांना,
सा. न.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, खाणीच्या वस्तीत राहतेस म्हणतेस, मग तिथे कोळसा किती निघतो? तेवढ्यात फोन तुटला. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून दुरुस्तीला गेलेला नसणारच.

कोळसा निघत नाही. आमच्या इथली त्सोलफेराइन खाण २३ डिसेंबर १९८६ ला बंद झाली. नुसती हीच नाही, सगळ्या जर्मनीत आता दगडी कोळशाची एकही खाण सुरू नाही. शेवटची होती शेजारच्या बोट्रोप गावात, तीही २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. त्या दिवशी कामगारांनी वर आणलेला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. कोळसा संपला म्हणून हे झालं नाही, खाली अजून भरपूर आहे. पण त्यासाठी हजार मीटर खाली उतरायचं आणि वर आणेपर्यंत तो परदेशातून जहाजाने येणाऱ्या कोळशापेक्षा महाग पडायचा. सरकार वर्षानुवर्षं पैसे घालत राहिलं आणि २००७ मध्ये थांबायचं ठरलं. पण ठरल्यावरही ११ वर्षं दिली. माणसं हळूहळू निवृत्त केली, काहींना दुसऱ्या कामाला लावलं.

काटर्नबेर्ग एसेन शहराच्या उत्तर टोकाला आहे. शहराच्या मधून एक महामार्ग जातो. त्याच्या दक्षिणेला तलाव, झाडी आणि क्रुप या पोलादवाल्या घराण्याचा राजवाड्याएवढा बंगला. उत्तरेला खाणी, खाणकामगारांच्या चाळी आणि मी. भाडं कमी, १०७ नंबरची ट्राम थेट स्टेशनला जाते, आणि तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी मिळते. तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार १९६१ चा. पुष्कळ माणसं त्या कराराने इथे आली आणि खाणीत उतरली. त्यांच्याही आधी पोलंडकडून आलेले होते. थोडक्यात, तुमच्या लालपेठ खाणीत तेलुगू, छत्तीसगडी आणि बिहारी एका पाळीत असायचे, तसंच हे.

आता खाणीचं सांगते. १९३२ साली बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, सुरू झाला. त्याचा लोखंडी मनोरा ५५ मीटर उंच, दोन्ही बाजूंनी तिरके पाय रोवून उभा आहे. दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढायचा. १९३२ मध्ये, बाबा! इमारती लाल विटांच्या आणि इतक्या देखण्या की २००१ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. कोळसा धुवायच्या इमारतीत संग्रहालय आहे, भट्ट्यांच्या आवारात हिवाळ्यात लोक बर्फावर स्केटिंग करतात, आणि पाळी सुटल्यावर कामगार जिथे आंघोळ करायचे त्या इमारतीत नाचाचे कार्यक्रम होतात. भिंतींवर अजून त्याच पांढऱ्या टाइल्स. खरं सांगू? मला ते सगळं जरा जास्तच स्वच्छ वाटतं. तुम्ही कामावरून घरी आलात की कानांच्या पाळीमागे काळी रेघ राहायची, तसलं तिथे काही दिसत नाही. आणि संग्रहालयातून दहा मिनिटं चालत आलं की आमच्या बाजारात बंद शटर दिसतात. पर्यटक तिथवर येत नाहीत.

पण तुम्हाला आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. कोळसा थांबला तरी पंप थांबलेले नाहीत. या रूर भागात खाणीचं पाणी अजून उपसतात, आणि ते कधीच बंद करता येणार नाही असं सरळ कागदावर लिहून ठेवलंय. पाणी पार वर येऊ दिलं तर ते खारं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळेल. तुम्ही आयुष्यभर पंप खलाशी, खाणीतलं पाणी उपसणारे, म्हणून मला लगेच कळलं. संपमधली, म्हणजे खाणीतलं पाणी जमा होतं त्या खड्ड्यातली, पातळी एका पाळीत किती वाढते यावर तुम्ही जेवतानासुद्धा बोलायचात, आणि १९७५ मध्ये पाणी शिरून शेकडो कामगार बुडाले त्या चासनाला खाणीचं नाव निघालं की गप्प व्हायचात.

दुसरा त्रास जमिनीचा. इतकं काढल्यावर वरची जमीन खचली, काही ठिकाणी तर २० मीटरच्या वर. नद्यांचे उतार बिघडले. कितीतरी वस्त्या आता नदीच्या पातळीखाली आहेत, तिथलं पावसाचं पाणीसुद्धा पंपाने उचलून नदीत टाकावं लागतं. पंप बंद झाले तर लोकांच्या दिवाणखान्यात तलाव होईल. एम्शर नावाची नदी तर शंभर वर्षं उघडं गटार होती, कारण जमीन खचत असताना खाली नळ घातले तर ते फुटायचे. खाणकाम उत्तरेला सरकून इथली जमीन स्थिरावल्यावर, १९९२ पासून, त्यांनी जमिनीखालून सांडपाण्याचे नळ टाकायला घेतले. ते काम २०२१ च्या शेवटी संपलं. खर्च साडेपाच अब्ज युरो. आता नदीत गटाराचं पाणी सोडत नाहीत. मी काठाने सायकल चालवते, वास येत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजोबा राहतात. त्सोलफेराइनमध्ये होते, ती बंद झाल्यावर दुसऱ्या खाणीत गेले. त्यांच्या बहिणीच्या घराला तडे गेले, तेव्हा कंपनीने येऊन पाहणी केली आणि भरपाई दिली. मी विचारलं, तडे खाणीमुळेच गेले हे सिद्ध कसं केलं? त्यांना प्रश्नच कळेना. मग मी कायदा शोधला. खाणीच्या प्रभावाखालच्या भागात घराला तसं नुकसान झालं की ते खाणीमुळेच झालं असं आधी धरतात. नसेल तर ते कंपनीने दाखवायचं. मला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं ते २०२२ मधलं घर आठवलं, उभंच्या उभं जमिनीत गेलेलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की कोळसा काढलेल्या पोकळीत वाळू भरली होती की नाही हे आता कोण सांगणार.

या सगळ्याला पैसा कुठून येतो, हे दादाला नक्की सांगा, तो असले वाद घालतो. २००७ मध्ये एक फाउंडेशन काढलं आणि खाणकंपनीच्या रसायनांच्या धंद्याचा हिस्सा त्याला दिला. त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून २०१९ पासून पंपांचा खर्च चालतो, वर्षाला २० कोटी युरोहून जास्त. त्या फाउंडेशनचं ऑफिससुद्धा त्सोलफेराइनच्याच आवारात आहे. इथेही सगळं गोड नाही. जुन्या खाणींत वापरलेली रसायनं त्या पाण्यात किती उतरतात, यावर भांडणं चालूच आहेत. पण शेवटची खाण बंद व्हायच्या ११ वर्षं आधी पुढच्या पाण्याचा हिशेब मांडला, हे मला मानावं लागतं. आपल्याकडच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) बंद झालेल्या भूमिगत खाणींत आता पाणी कुठवर आलंय, कोणी मोजतं का? तुमच्या बरोबरीच्या खलाशांना विचारून कळवा. आजोबांनाही ऐकायचंय. तुमचा पंप किती घोड्यांचा होता हे त्यांनी मला दोनदा विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

आईला सांगा, कपडे बाहेर वाळत घातले तरी काळे होत नाहीत. विली ब्रांट नावाच्या पुढाऱ्याने १९६१ च्या निवडणुकीत रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे असं म्हटलं होतं, तेव्हा लोक हसले होते म्हणे.

खोकल्याचं औषध चालू ठेवा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला उशीर करू नका. फोनवरच होतं आता, दादा करून देईल. आणि त्या पंपाचे घोडे आधी कळवा.

तुमची,
पिंकी