पोस्टमनला बोल लावण्याआधी गेटवरची पेटी उघडून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोस्टाविषयी तक्रारीची पत्रं या सदरात अधूनमधून वाचायला मिळतात, टपाल उशिरा आलं, आलंच नाही, आलं ते भिजलेलं आलं वगैरे. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्याच असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टपालाचा शेवटचा मुक्काम, म्हणजे आपल्या गेटीच्या खांबाला लावलेली ती पेटी, ती पोस्टाची नाही, आपली आहे, आणि तिच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण कृपया जागा द्या.

गोव्यात आमच्या डिचोलीकडे कुठल्याही वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, एक फेरी मारून या. घराला नवा रंग काढलेला, अंगणात पेव्हर्स, गेट स्टेनलेस स्टीलचं, त्याच्यावर लाखभर सहज गेलेले, आणि त्याच गेटीच्या खांबावर तळ सडलेली पेटी, दार एका बिजागरीवर लोंबतंय, कुलूप कधीचंच गेलंय म्हणून तिथे तार पिळून ठेवलीय. आत डोकावलं तर गेल्या निवडणुकीची पत्रकं, प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिराती, कोपऱ्यात कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर, आणि या सगळ्याच्या खाली तळाला चिकटून लगदा झालेलं काहीतरी, जे कधीतरी कोणाचं तरी कामाचं पत्र होतं.

यावर लोक म्हणतात आता पत्रं येतात कुठे, सगळं मोबाईलवर. मला हे पटत नाही. खुशालीची पत्रं थांबली हे खरं, पण जे कागद अजून पोस्टाने येतात ते सगळे जड कागद आहेत. मामलेदार कचेरीतून म्युटेशनची, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलण्याची नोटीस, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) केसची नोटीस, वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी सुरू झाली तर कोर्टाचा कागद, बँकेचं डेबिट कार्ड, पासपोर्ट, आधार, विम्याच्या हप्त्याची सूचना. यातलं सही घेऊन द्यायचं टपाल पेटीत टाकत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण घरी कोणी नसलं तर पोस्टमन जी सूचनेची चिठ्ठी ठेवून जातो ती पेटीतच पडते ना! टपाल मग साधारण सात दिवस पोस्टात थांबतं आणि नंतर पाठवणाऱ्याकडे परत जातं. नवराबायको दोघं कामाला, पोरं शाळेत, अशा घरांत ती बोटभर चिठ्ठी हाच काय तो दुवा. २०२५ साली देशातलं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, नाव बदललं, चिठ्ठीचं महत्त्व तेवढंच राहिलं.

आणि कायद्याची बाजू तर बहुतेकांना माहीतच नसते. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चं कलम २७ बघा. पत्ता बरोबर लिहून, पैसे भरून नोटीस रजिस्टरने पाठवली की ती पोचली असं धरून चालतात, पोचली नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. चेक बाऊन्सच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवस मिळतात, लिफाफा अनक्लेम्ड, म्हणजे कोणी घेतला नाही, असा शेरा मारून परत गेला तरी कोर्ट सहसा ती पोचली असंच समजतं. तिथे आमची पेटी गंजली होती हो, असं सांगून कोण ऐकणार? आमच्याच वाड्यावर एका घरी जमिनीच्या बाबतीत असं झालं. नोटीस परत गेली, हरकत घ्यायची मुदत गेली, आणि त्या बाईला कळलं ते एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलेलं बघून. चिठ्ठी टाकली होती असं पोस्टमन शपथेवर सांगतो, आणि पेटी बघितली तर तळाला तीन बोटं आरपार जातील एवढं भोक. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी वाड्यावर ज्याला त्याला हेच सांगत सुटलोय.

आपल्याकडे पेटी एवढ्या लवकर का जाते तेही समजून घ्यायला हवं. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा मारतो. पेटीचं तोंड पश्चिमेला असलं की झाकण असूनही पाणी आत येणारच. किनाऱ्याला, कळंगुट, मोरजी, कोलवा, तिथे भर म्हणून खारा वारा, तो पत्र्याच्या कडा, स्क्रूची डोकी आणि वेल्डिंगचे सांधे आधी खातो. आमच्या खाणपट्ट्यात खारं नाही पण ट्रकांची तांबडी धूळ बिजागरीत आणि कुलपात जाऊन बसते, पहिला पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि तो ओल धरून ठेवतो. तरी सर्वांत जास्त नुकसान कशाने होतं विचाराल तर तळाला साचलेल्या पाण्याने. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी पेट्यांना तळाला पाणी जायला भोकच नसतं. ड्रिलने चार कोपऱ्यांत पाच-सहा मिलीमीटरची भोकं पाडून घ्या, भोकाच्या कडेला प्रायमरचं बोट फिरवा नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो, आणि आत प्लास्टिकच्या जाळीचा एक तुकडा उंचावर बसवा म्हणजे कागद तळाला टेकणार नाही. खर्च जवळजवळ काहीच नाही आणि अर्धी कटकट तिथेच संपते.

फटीच्या मापाकडेही लक्ष द्या. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलीमीटरचा, तो न दुमडता घातलेला लिफाफा त्याहून मोठा, आणि आपल्या पेटीची फट वीतभर. मग पोस्टमन बिचारा काय करणार, अर्धा आत अर्धा बाहेर ठेवून जातो. बाहेरचा भाग पावसात भिजतो आणि समईतल्या वातीने तेल ओढावं तसं तो कागद पाणी आत ओढत राहतो, सकाळी बघावं तर आतली बाकीची पत्रंही ओली. नवी पेटी घेणार असाल तर मोठा लिफाफा बरोबर घेऊन दुकानात जा आणि घालून बघा.

आता साफसफाई. आपण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घर झाडून पुसून काढतो, माळा काढतो, तेव्हा पेटीही रिकामी करून पुसा, पण रंगाचं काम मात्र चवथीला काढू नका. हवेत ओल असताना मारलेला रंग पुढच्या पावसापर्यंत फुगतो. ते काम दिवाळीनंतर, नोव्हेंबरपासून मे पर्यंत कधीही, सकाळचं दव सुकल्यावर. आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, उन्हात कडक वाळवायची, मग गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने, आधी ८० नंबर मग १२०, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा. गंजावरून रंग फासला तर आत गंज चालूच राहतो आणि वरून नवी पेटी असल्यासारखी दिसते, हे बघून मला खरोखर चीड येते कारण पेंटरला पूर्ण मजुरी दिलेली असते. घासून झालं की रेडऑक्साइड प्रायमर, तो वाळला की इनॅमल पेंटचे दोन पातळ हात, मधे एक दिवस सोडून. पेटी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची असेल तर तिच्यावर थेट ऑइल पेंट मारू नका, जस्तावर तो धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात, त्याला जीआयसाठीचा वेगळा प्रायमर मिळतो तो मागून घ्या. बारीक भोक असेल तर एम-सीलने बुजतं, पण तळच सडला असेल तर एम-सीलवर एम-सील थापत बसू नका, फॅब्रिकेशनवाल्याकडून तळाला नवा पत्रा मारून घ्या.

स्टीलची पेटी असली की लोकांना वाटतं आता बघायलाच नको. तसं नाही. साध्या ३०४ ग्रेडच्या स्टीलला खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतातच, समुद्राजवळ ३१६ घेतलेलं बरं, महाग पडतं पण टिकतं. आणि ते ठिपके काढायला भांडी घासायची लोखंडी काथी वापरू नका, तिचे कण स्टीलवर राहतात आणि तेच पुढे गंजतात. ब्लीचही नको. मऊ कापड, साबणाचं पाणी, नंतर गोडं पाणी, झालं. आणखी एक, स्टीलच्या पेटीला साधे लोखंडी स्क्रू मारले तर स्क्रू आधी मरतात, शंभर रुपये वाचवायला जाऊन सगळी पेटी एक दिवस खाली येते.

बसवताना आपल्या जांभ्या चिऱ्याचा विचार करा. चिरा सच्छिद्र, ड्रिल मारलं की भोक भुसभुशीत होतं आणि आखूड प्लग दोन पावसांत ढिला पडतो. लांब नायलॉन प्लग घ्या, किंवा होल्डफास्ट (लोखंडी पट्टीची पकड) सिमेंटमध्ये बसवून त्याला पेटी मारा. शक्य तर तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला फिरवा, खांबाच्या पुढच्या अंगाऐवजी बाजूच्या अंगाला बसवली तरी फरक पडतो, आणि वर पुढे आलेलं छप्पर हवंच. पावळीच्या खाली पेटी लावणारेही बघितलेत, तिथे तर वरून धारच लागते.

कुलपात खोबरेल तेल सोडायची आपली जुनी सवय, ती मोडा. तेल धूळ धरून ठेवतं आणि मग किल्ली फिरतच नाही. मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर चांगली घासून किल्ली पाच-सात वेळा आतबाहेर करा, ग्राफाइट आत जातं आणि कुलूप सुटतं. बिजागरीला मात्र तेल चालतं. कुलूप गेलंच असेल तर आतून एकच नट असतो, पान्याने काढा आणि जुनं कुलूप सँपल म्हणून दुकानात न्या, म्हापशात फोंड्यात कुठेही त्या मापाचं मिळतं. तार पिळून ठेवलेली पेटी म्हणजे तुमचं बँकेचं पाकीट रस्त्यावर ठेवल्यासारखंच.

मुंग्या आणि गांधीलमाशांबद्दल दोन वाक्यं लिहायलाच हवीत. झाडाची फांदी पेटीला टेकत असेल तर त्यावरून हुमले (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) उतरतात, फांदी छाटा. गांधीलमाशीचं पोळं दिवसा हलवायला जाऊ नका, संध्याकाळी काळोख पडताना, आणि मोठं असेल तर माहितगाराला बोलवा. आपल्या गावांतून टपाल वाटणारे बरेचसे ग्रामीण डाक सेवक आहेत, उन्हापावसात दुचाकीवरून फिरतात, त्यांनी झाकण उचलून आत हात घालावा आणि तिथे माशी चावावी हे आपल्याला शोभत नाही. गेटीत सोडलेल्या कुत्र्याचंही तेच, पेटी बाहेरून हात पोचेल अशी हवी.

पेटीवर नाव आणि पंचायतीचा घर नंबर रंगाने लिहा, स्टिकर दोन उन्हाळ्यांत उडतो. वाड्यावर निम्मी घरं एका आडनावाची, बदली होऊन आलेल्या नव्या पोस्टमनने ओळखायचं कसं? २०२५ मध्ये पोस्टखात्याने डिजिपिन काढलाय, दहा अक्षरांचा कोड, चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, चांगलीच गोष्ट आहे, पण कोड पोस्टमनला गेटीपर्यंत आणेल, पुढे पेटी धड नसेल तर काय उपयोग. पंचायतींना माझी विनंती की घरपट्टी भरायला लोक येतात तेव्हा घर नंबर ठळक लिहा एवढं तरी सांगावं.

पर्वरी, मडगाव, फोंडा इथल्या कॉम्प्लेक्समध्ये तर वेगळीच तऱ्हा. जिन्याखाली पेट्यांची ओळ असते, निम्म्यांना दारं नाहीत, कोणावर दोन भाडेकरूंपूर्वीचं नाव, आणि लोकांची आधारची पाकिटं उघड्यावर. पेट्या कोणाच्या, सोसायटीच्या की फ्लॅटवाल्याच्या, यावर वाद घालत वर्षं जातात. लिफ्टचा मेंटेनन्स जसा सगळे मिळून भरतात तसाच हाही खर्च धरावा, सर्वसाधारण सभेच्या विषयांत एकदा तरी घ्यावा. सेक्रेटरी मंडळींनी हे वाचलं तर बरं होईल.

आणि शेवटी बंद घरं, कारण जमिनीच्या नोटिशी सर्वांत जास्त इथेच फुकट जातात. मंडळी मुंबईला, आखातात, इंग्लंडला, घराला कुलूप, पेटी पत्रकांनी गच्च भरलेली, घरात कोणी नाही हे चोरालाही लांबून दिसतं. जाण्याआधी पेटीची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या, आठवड्यातून एकदा उघडून आलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. मुक्काम लांबणार असेल तर आपल्या पोस्टात अर्ज देऊन टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेता येतं, त्याची चौकशी जायच्या आधी करा, विमानात बसल्यावर नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डिचोली